पावणेतीन सेकंद

द्वारका चार वर्षांची झाली त्याच आठवड्यात तिने आईशी खेळणं सोडून दिलं.

भांडण वगैरे काही झालं नव्हतं. मिरजेतल्या घराच्या अंगणात, वाळायला टांगलेल्या सतारीच्या भोपळ्यांखाली, रोज दुपारी चार वाजता एक मोठा पडदा उजळायचा आणि त्यावर आई दिसायची. चार ते चार वीस ही ‘द्वारूची वेळ’. त्या वीस मिनिटांत बाबांनी किंवा आत्याने मध्ये यायचं नाही, काय खेळायचं ते द्वारूने ठरवायचं आणि आईने काही शिकवायला जायचं नाही. हा नियम ईश्वरीने चंद्रावर निघण्याआधी स्वतःच घालून दिला होता. दोन महिने तो पाळला गेला. मग एका दुपारी द्वारू पडद्यासमोर आली, "आई, माझा वाढदिवस झाला," एवढं म्हणाली आणि वळून घरात निघून गेली.

ईश्वरीने हसून "हो गं माझी राणी!" म्हटलं, तेव्हा तिच्यासमोरच्या चित्रात नुसते भोपळे होते.

ईश्वरी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या ध्रुवतळावर विटा भाजायची. चंद्राची करडी धूळ साच्यात भरायची, सूक्ष्मलहरींच्या भट्टीत वितळेपर्यंत तापवायची आणि त्या विटांनी पुढच्या तुकडीसाठी खोल्या बांधायच्या, असं ते काम. चौदा महिन्यांची नेमणूक होती. तिथे सूर्य कधी डोक्यावर येत नाही. तो क्षितिजाच्या कडेकडेने फिरत राहतो आणि सावल्या मैलोन्‌मैल लांब, जणू कुणी काळं कापड अंथरून ठेवलंय अशा पडलेल्या असतात. पृथ्वीही फार वर चढत नाही. डोंगराच्या खांद्यावर निळा दिवा ठेवावा तशी ती दिसते. भट्टी थंड होण्याची वाट पाहत ईश्वरी त्या दिव्याकडे बघत बसायची. मिरज कुठे असेल याचा अंदाज घ्यायची. बहुतेक वेळा ढग असायचे.

"कंटाळली असेल," वेदांत म्हणाला. वेदांत हा तिचा नवरा. सतारी तयार करायचा. "चार वर्षांचं पोर ते. उद्या येईल बघ."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी सान्वीने, वेदांतच्या बहिणीने, तिला उचलून आणलं.

"बोल की आईशी. आई वाट बघतीया."

"आई उशिरा हसते," द्वारू आत्याच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली.

ते खरं होतं, आणि त्यात कुणाचाच दोष नव्हता. चंद्र पृथ्वीपासून सरासरी पावणेचार लाख किलोमीटरांहून थोडा जास्तच लांब आहे. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो आणि त्याहून वेगाने कोणताही निरोप जात नाही. जायला सव्वा सेकंद, यायला सव्वा सेकंद, शिवाय वाटेतल्या उपग्रहांची आणि यंत्रांची देवघेव. सगळं मिळून पावणेतीन. मोठ्या माणसांना त्याची सवय होते. पण माणसं समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचं वाक्य संपल्यावर दुसरा साधारण सेकंदाच्या पाचव्या भागात बोलू लागतो. तान्ह्या मुलांनाही हा ठेका कळतो. ज्याचं उत्तर यायला सेकंदभर लागतं, त्याला आपल्यात रस नाही असं मेंदू परस्पर ठरवून टाकतो. द्वारूच्या मेंदूने ते दोन महिन्यांत ठरवलं होतं. कुक केलं की आईने लगेच दचकायला हवं. पावणेतीन सेकंदांनी दचकणारी आई म्हणजे मन दुसरीकडे असलेली आई.

यावर इलाज ऑल्विनने सुचवला. ऑल्विन डाबरे वसईचा, तळावरची संदेशयंत्रणा सांभाळायचा.

"खाली एक नवीन सोय आलीय. ‘पूल’ म्हणतात तिला. कुटुंबांसाठीच केलीय," तो म्हणाला. "दोन्ही टोकांना एकेक यंत्र. मिरजेतलं यंत्र तुला शिकून घेणार. तू कशी हसतेस, कशावर हसतेस, मान कुठे हलवतेस. द्वारू काही बोलली की तुझं उत्तर यायच्या आतच ते तुझं उत्तर रंगवणार. मग खरं उत्तर पोचलं की चित्र हळूहळू खऱ्याकडे वळवून घेणार."

"आणि माझा अंदाज चुकला तर?"

"तुझा नाही, यंत्राचा. शंभरात चार वेळा चुकतं म्हणे. तेही शिंपी झोळ जिरवतो तसं जिरवून टाकतं. दिसत नाही."

"आणि इथे?"

"इथेही तेच. तुला द्वारू दिसेल ती आत्ताची. म्हणजे, यंत्राला जशी वाटते तशी आत्ताची."

यंत्राला शिकवण्यासाठी दोन्हीकडून तीस-तीस तासांचं चित्रण हवं होतं. ईश्वरी कामाची पाळी संपल्यावर तोंड धुऊन, केस विंचरून कॅमेऱ्यासमोर बसायची. मिरजेत सान्वीने ते काम अंगावर घेतलं. रोज द्वारूला अंघोळ, पावडर, ठेवणीतला फ्रॉक.

"वहिनी, आज कशी शहाण्यासारखी बसली माहितीय?" ती कौतुकाने सांगायची. "नमस्कार कर म्हटलं, केला. गाणं म्हण म्हटलं, म्हटलं. नाक ओढायला लागली तेव्हा मी बंदच करून टाकलं. उगाच कशाला यंत्राला दाखवायचं?"

पूल सुरू झाला त्या दुपारी द्वारू सावधपणे पडद्यासमोर आली. तिने दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि एकदम उघडले.

ईश्वरी दचकली.

द्वारूने पुन्हा केलं. ईश्वरी पुन्हा दचकली. मग द्वारू खुदकन हसली, ते हसू ईश्वरीच्या पडद्यावर तिच्या दचकण्याला अगदी चिकटून आलं, आणि तिला वाटलं, हात पुढे केला तर केसांना लागेल. त्या वीस मिनिटांत त्यांनी अकरा वेळा दुकान मांडलं आणि मोडलं. पृथ्वी डोंगराच्या खांद्यावरून उठून खोलीत आली होती.

पुढचे चार महिने असेच गेले. ईश्वरी दिवसभर विटा भाजायची आणि चार वाजले की अंगणात असायची. भोपळ्यांच्या सावल्या फरशीवर हलायच्या, त्यांच्यामधून द्वारू पळायची, बोलायची, खायची, खोटं खोटं झोपायची. सगळं लगेच, सगळं जुळलेलं. स्वप्नात दार ढकलावं लागत नाही, ते उघडलेलंच असतं, तसं. ईश्वरी भट्टीपाशी स्वतःशीच हसायची. ऑल्विन म्हणायचा, "तुझ्या विटासुद्धा हल्ली सरळ निघतात."

वेदांत मात्र पुलाबद्दल काही बोलायचा नाही. तिने विचारलं की म्हणायचा, "पोरगी खूश आहे. आणखी काय पाहिजे?"

मग तो धुळीचा दिवस आला.

चार वाजून सहा मिनिटं झाली होती. द्वारू बाहुलीच्या लग्नाची तयारी सांगत होती. एवढ्यात भट्टीच्या खोलीतला भोंगा वाजला. चंद्राची धूळ काचेच्या भुग्यासारखी धारदार असते, ती झडपेत शिरली की झडप बसत नाही. ईश्वरी "आले हं" म्हणून उठली, धावली, झडप साफ केली, पुन्हा बसवली. परत आली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं होऊन गेली होती. आता रुसलेल्या पोरीची समजूत कशी काढायची याचा विचार करत ती खुर्चीत बसली.

द्वारू हसत होती. बाहुलीला शालू नेसवत होती.

"...आणि मग नवरदेव म्हणाला, मला लाडू नको, मला भेळ पाहिजे!"

"अगं, मी आले, द्वारू. सॉरी हं, आईला जरा—"

"आई, तू मध्येच काय बोलतेस? नवरदेवाचं ऐक ना."

ईश्वरी उठून गेलेली द्वारूला कळलंच नव्हतं.

त्या संध्याकाळच्या पाळीत तिने ऑल्विनला गाठलं. "मी नव्हते. चार मिनिटं खुर्ची रिकामी होती."

ऑल्विनने नोंदी उघडल्या. त्याचा चेहरा पडला. "तू चौकटीबाहेर गेलीस ते पुलाला संपर्क तुटल्यासारखं वाटलं. तुटला तर तो अंदाजावर चालू राहतो. खरं तर तीन सेकंदच चालायला हवा. ती मर्यादा कुणी घातलीच नाही की काय..."

"मी काय बोलत होते त्या चार मिनिटांत?"

त्याने ते लावलं. पडद्यावर ईश्वरी होती, केस विंचरलेली. ती म्हणत होती, "हो का!" मग, "अय्या, मग काय झालं?" मग, "वा गं वा!" पुन्हा, "हो का!" ईश्वरी बघत राहिली. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सगळी तिचीच होती. रोज ती हीच म्हणत होती.

"न जुळवलेलं चित्रण असतं का?" तिने विचारलं. "कच्चं?"

"असतं. महिनाभराचं साठवून ठेवतो."

तिने दोन पडद्यांवर दोन द्वारू शेजारी शेजारी लावल्या. डावीकडे तिने पाहिलेली, उजवीकडे खरी. डावी टवटवीत होती. उजवीला दोन आठवडे सर्दी होती. डावी सरळ बघत होती. उजवी बोलण्याआधी डावा कान चोळायची, ही सवय तिला कधी लागली ते ईश्वरीला ठाऊकच नव्हतं. उजवी चिडली की जीभ काढायची, मध्येच फाटकाकडे बघत गप्प उभी राहायची. एकदा ती दहा सेकंद तशी उभी होती. डावीकडे ती तेवढा वेळ बाहुलीचे केस विंचरत होती. पावडर लावलेल्या, शहाण्या, पाहुण्यांपुढच्या तीस तासांवरून यंत्र जी द्वारू शिकलं होतं, तीच ते दाखवत होतं. आणि ज्या आईला केस विंचरूनच बसायची सवय होती, तीच ते द्वारूला दाखवत होतं.

मग एकोणीस तारखेचं चित्रण आलं. उजवीकडच्या द्वारूने बाहुली खाली ठेवली. कान चोळला. पडद्याच्या अगदी जवळ येऊन ती इतक्या हळू बोलली की ईश्वरीला आवाज वाढवावा लागला.

"आई, इकडे ये ना."

पुलाने ती कुजबुज गोंगाट समजून गाळली होती. डावीकडची द्वारू हसत होती. आणि मिरजेतल्या पडद्यावरची आई म्हणत होती, "वा गं वा!"

ईश्वरीने ते दुसऱ्यांदा लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती वेदांतशी साध्या जोडणीवर बोलली, मध्ये पूल नाही. दोघांच्या वाक्यांमध्ये पावणेतीन सेकंद पडत होते आणि कितीतरी दिवसांनी ते तिला बरे वाटत होते.

"मी पूल बंद करायला सांगतेय."

मग त्याची मान हलली, नकाराची. "ईशू, पहिले दोन महिने विसरलीस? परत समोर यायची नाही ती. अजून आठ महिने आहेत. तवर तुला ओळखंल तरी का?"

"आत्ता ती कुणाला ओळखतेय?"

त्याच्या मांडीवर सतारीची घोडी होती, हाडाची, चपटी, तारा जिच्यावरून जातात ती. तो तिच्यावर कानस फिरवत होता. घोडीचा माथा केसाएवढा उतरता घासला की तार तिला हलकी चाटून जाते आणि आवाजात तो गुंजता खरखरीतपणा येतो. त्यालाच जवारी म्हणतात, आणि जवारी काढण्यात वेदांतचा हात मिरजेत नावाजलेला होता.

"पहिल्या दिवशीच कळलं होतं मला," तो शेवटी म्हणाला. "पुलातनं तुझं हसू यायचं त्याला जवारीच नव्हती. तार वाजते, पण उघडी. गुळगुळीत. म्हटलं, पोरगी हसतीया, आपण कशाला बोला?"

"बोलायचं होतंस."

"व्हय," तो म्हणाला. "बोलायला पाहिजे होतं."

पूल बंद झाला. पहिल्या दुपारी द्वारू बाहुली घेऊन आली आणि म्हणाली, "आई, आज हिचं बारसं आहे." मग पडद्याकडे बघत राहिली. ईश्वरीचं "अरे वा, नाव काय ठेवणार?" पोचेपर्यंत तिच्या कपाळावर आठी पडली होती. तिने आणखी एकदा विचारून बघितलं. मग घराकडे तोंड करून ओरडली, "आत्या! आई बिघडली!"

"बिघडली नाही गं, बाळा—" सान्वीचा आवाज आला, आणि लगेच, "मी मध्ये येत नाही हं वहिनी, नियम आहे!"

द्वारू गेली. सतरा मिनिटं उरली होती. ईश्वरी उठली नाही. तिने हाक मारली नाही, गाणंही म्हटलं नाही. ती अंगण बघत बसली. भोपळे वाऱ्याने एकमेकांना टकटक लागत होते. एक मांजर आलं, पडद्याकडे बघून गेलं. चार वीसला चित्र विझलं.

दुसऱ्या दिवशी द्वारू दोन मिनिटं थांबली. तिसऱ्या दिवशी दारातूनच बघून परत फिरली. चौथ्या दिवशी अंगणात आली, पण पाठ करून बसली आणि बाहुलीशी बोलत राहिली. ईश्वरी चारही दिवस वीसच्या वीस मिनिटं खुर्चीत होती. केस तिने विंचरले नव्हते. चौथ्या दिवशी ऑल्विन मागून हळूच म्हणाला, "पुन्हा सुरू करू का? अर्ध्या तासाचं काम आहे." तिने नकारार्थी मान हलवली, पण ती हलवायला तिला वेळ लागला.

पाचव्या दिवशी द्वारू रागावूनच आली. बहुतेक घरात काहीतरी बिनसलं होतं. एका पायात मोजा होता, दुसरा हातात.

"तू बोलत का नाहीस लवकर?" ती पडद्याला म्हणाली.

"बोलतेय रे राजा, पण माझा आवाज तुझ्यापर्यंत यायला—"

द्वारू थांबली नाही. "घाण आई!" म्हणून तिने हातातला मोजा नेम धरून फेकला.

ईश्वरीच्या समोर तो पांढरा मोजा मोठा मोठा होत सरळ तोंडावर आला आणि तिने काही विचार करायच्या आत डोकं खाली घातलं. दोन्ही हात वर. "अगं!"

ती वर बघते तर मोजा फरशीवर पडलेला, आणि द्वारू पाठ फिरवून निघालेली. एक पाऊल, दोन पावलं. तिसऱ्या पावलाला ती थबकली. मान वळवून तिने मागे पाहिलं. तिच्या पडद्यावर आई आत्ता कुठे खाली वाकली होती.

द्वारूने फरशीवरच्या मोज्याकडे पाहिलं. मग आईकडे. मग पुन्हा मोज्याकडे. डावा कान चोळला.

"तुला लागला?"

"नाही. मी चुकवला."

वाट बघणं. दोन्हीकडे.

"पण मी तर मघाशीच फेकला."

"हो. इथे आत्ता पोचला."

द्वारू अगदी हळू पडद्याजवळ आली. तिने दुसऱ्या पायातला मोजा काढला. या वेळी रागाने नाही, नीट तपासून बघायला फेकला. मोजा आपटून खाली पडला. ती पडलेल्या मोज्याकडे न बघता आईकडे बघत राहिली, ओठ घट्ट मिटून, श्वास धरून. ईश्वरीने तो हवेतल्या हवेत झेलला. मुठीत धरून दाखवला.

पावणेतीन सेकंद झाले आणि द्वारूचा चेहरा उजळला.

"किती लांबून झेललास!"

द्वारूच्या लेखी सहा महिने आई पडद्यात राहत होती, काचेच्या मागे, हाताच्या अंतरावर, आणि तरी येत नव्हती. आज पहिल्यांदाच ईश्वरीच्या लेकीला आई कुठे आहे हे कळलं होतं. लांब. खरंच लांब. पण फेकलेलं पोचेल इतकीच लांब.

"आता तू टाक," द्वारू म्हणाली.

"काय टाकू?"

"चेंडू."

"कुठला? माझ्याकडे—"

"असतो गं! हा काय," द्वारूने रिकाम्या ओंजळीतला चेंडू दाखवला आणि दोन्ही हातांनी जोरात भिरकावला.

ईश्वरीने झेलला. तोलून पाहिला. परत टाकला. मग दोघींनी हात पुढे धरले आणि थांबल्या. अंगणात भोपळे हलत होते, इथे लांब सावल्या निजल्या होत्या आणि मधल्या काळ्या पोकळीतून, ना हिच्याकडे ना तिच्याकडे असा तो चेंडू निघाला होता. हे थांबणं आधीचं थांबणं नव्हतं. त्यात काहीतरी येत होतं. द्वारूच्या ओंजळीत तो धप्पकन पडला, ती दोन पावलं मागे ढकलली गेली आणि हसली. त्या हसण्यात सर्दी होती, खरखर होती, सगळं होतं.

त्यांनी मोठा चेंडू टाकला, लिंबाएवढा टाकला, तापलेला टाकला. एकदा द्वारूने मुद्दाम वाकडा टाकला आणि ईश्वरीला खुर्चीवरून उडी मारावी लागली. चंद्रावर उडी मारली की माणूस सावकाश खाली येतं. द्वारूने ते बघितलं आणि पुढचे सगळे चेंडू वाकडेच टाकले.

"आई, जड टाकला तर उशिरा येतो?"

"तूच बघ टाकून."

तिने गाल फुगवून, पाय रोवून एक भलामोठा जड चेंडू ढकलला. आईच्या हातांकडे टक लावून बघितलं. "नाही," ती निकाल देत म्हणाली. "तेवढाच."

चार वाजून एकोणीस मिनिटांनी ईश्वरीने शेवटचा टाकला. द्वारूने झेलला. ईश्वरीने हात पुढे धरले. पावणेतीन सेकंद झाले. पाच झाले. द्वारू तशीच उभी, डोळ्यांत मिस्कील हसू. मग तिने चेंडू फ्रॉकच्या खिशात घातला आणि वरून थोपटला.

"आता नाही देणार. उद्या टाकते."

"उद्या? अगं, मग मी काय करू?"

"तू हात धरून थांब," द्वारू म्हणाली, आणि उड्या मारत घराकडे पळाली. आतून तिचा आवाज आला, "आत्या, भूक!" आणि चित्र विझलं.

ऑल्विन आला तेव्हा काळ्या पडद्यासमोर ईश्वरी ओंजळ पसरून बसली होती. खिडकीबाहेर डोंगराच्या खांद्यावर पृथ्वी होती. आज ढग होते की नव्हते याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"जोडणी बंद झाली," तो म्हणाला. "उद्या चारला आता."

"माहितीय."

"मग हात कशाला पुढे?"

"ती लबाड आहे," ईश्वरी म्हणाली. "आधीच टाकेल."